जो आधीच आत आहे

सोमवार, ३
रुजू झाले एकदाची! हॉस्पिटलचा संगणक विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. तरी मी जाम खूश आहे, कारण वरच्याच मजल्यावर ताई आहे. तिचं ऑपरेशन झालंय, सध्या व्हेंटिलेटरवर आहे; आठवड्या-दोन आठवड्यांत नळी काढू म्हणाले डॉक्टर. जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ बसते. बोलता येत नसल्यामुळे बाईसाहेब जन्मात पहिल्यांदा माझं सगळं ऐकून घेतायत.

गुरुवार, ६
वॉर्डातली तऱ्हा पाहिली. सकाळी पहिली येणारी सिस्टर लॉगिन करते आणि दिवसभर सगळे त्यावरच काम उरकतात. पासवर्ड टाकत बसलो तर पेशंट कोण बघणार, असं मोठ्या सिस्टरनी मलाच सुनावलं. औषधांचे पंप, व्हेंटिलेटर, सगळं त्याच संगणकावरून चालतं. तपासताना भलतंच दिसलं. त्या साध्या लॉगिनवरून दोन ओळी टाइप केल्या की माणूस थेट ॲडमिन होतो. मग काहीही बदला, अडवणारं कुणी नाही. ही प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला लगेच कळवलं.

मंगळवार, ११
कंपनीचं उत्तर आलं. हा दोष त्यांना मान्य नाही. असं करायला माणूस आधीच आत असावा लागतो, आणि आतल्या माणसावर विश्वास ठेवलेलाच असतो म्हणे. आमच्या विभागाच्या साहेबांनी विचारलं, तू कंपनीपेक्षा शहाणी का? अहो, इथे येणारा-जाणारा प्रत्येक जण आतच आहे!

गुरुवार, १३
ताईच्या शेजारच्या आजोबांचा डोस दुप्पट झालेला. सिस्टरने वेळेत पाहिला म्हणून निभावलं. बदल ॲडमिनच्या नावाने. आमच्यापैकी कुणी केलेला नाही. कंपनीला पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. निदान व्हेंटिलेटर तरी त्या संगणकापासून तोडा म्हणून साहेबांच्या हातापाया पडले. कंपनीच्या परवानगीशिवाय नाही म्हणाले.

शुक्रवार, १४
ॲडमिनचा पासवर्ड बदलला. पाच मिनिटांत कुणीतरी पुन्हा बदलला. आता मीच बाहेर. वॉर्डात एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरतेय — कोण? मला भीती वाटते.

शनिवार, १५, सकाळी ११.२०
स्क्रीनवर ताईची नोंद मृत. कालपासून. इथे ती माझ्याकडे बघतेय — व्हेंटिलेटर आपोआप बंद झाला. चालू केला, परत बंद. सिस्टर हाताने फुगा दाबून हवा देतेय. मला म्हणाली, ऑक्सिजनचे आकडे वहीत लिहीत राहा, संगणकाचा भरवसा नाही.

११.२६ — ८८

११.२९ — ८४. आजोबांचाही व्हेंटिलेटर बंद. पलीकडचाही —

११.३१ — ७९. फुगा माझ्या हातात देऊन सिस्टर तिकडे धावली. एका हाताने नीट दाबला जात नाही. ताई, बघ माझ्याकडे, वही खाली ठेवते