माझ्या फ्रिजपायी कोरी सही

रशाद,

मी वकीलबाईंबरोबर तांताच्या कोर्टात चाललेय. आईला सांग, कामावर गेली.

माझ्या लग्नाच्या फ्रिजसाठी तू, मी हिशेब लिहायचे त्या दुकानाच्या मालकाला, हाज शाबानला, उधारीची वचनचिठ्ठी दिलीस आणि रकमेची जागा कोरी सोडलीस, शहाण्या! त्याने व्याजही मुद्दलातच घुसवलंय. काल दुकानात मला म्हणाला, “पोरी, वहीत सगळं येणं मुद्दल म्हणूनच लिही. नाहीतर त्या चिठ्ठीवर तुझ्या भावाला आत टाकतो.” मी म्हणाले, “खोटा हिशेब मी लिहायची नाही.” नोकरी गेली. आता हेच कोर्टात सांगणार आहे.

त्याचा माणूस आला तर दार उघडू नकोस, कशावरही सही करू नकोस. मुलूखिया गरम करून खा.

तुझ्यावर रागावलेय. पण तू तुरुंगात असताना मी लग्नाला उभी राहणार नाही.

इन्शिराह