शेगडी पेटलेली असताना यावे

प्रति,
मा. वसाहत व्यवस्थापक,
कर्मचारी वसाहत कार्यालय,
तळमजला, पाण्याच्या पंपाशेजारी.

विषय : स्वयंपाकघरातील चिमणीचा पाइप न काढण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची नोटीस, जी अर्जदाराच्या दारावर खळीने डकवण्यात आली व जी काढताना दाराचा रंगही सोबत निघाला.

महोदय,

सदर अर्जदार ही तिसऱ्या मजल्यावर आपल्या सासूबाईंसह राहते व पुढच्या खोलीत शिवणकाम करते. सदनिका सासूबाईंच्या नावावर आहे. अर्जदाराचे पती जहाजावर नोकरीस असून प्रस्तुत प्रकरणी त्यांचे मत फोनवर विचारले असता "तुम्ही दोघी काय ते ठरवा" असे उत्तर मिळाले. सबब त्यांचा यापुढे उल्लेख येणार नाही.

१. आपल्या नोटिशीत असे म्हटले आहे की, अर्जदाराने मागील भिंतीला भोक पाडून चिमणीचा पाइप बाहेर काढल्याने इमारतीच्या एकसारखेपणास बाधा आली असून, पाइप काढून भोक बुजवावे, अन्यथा येत्या सोमवारी कार्यालय तो कापून नेईल. अर्जदार पाइप काढणार नाही. असे वाक्य अर्जाच्या शेवटी लिहायचे असते याची अर्जदारास कल्पना आहे. परंतु आपल्या कार्यालयात अर्ज शेवटपर्यंत वाचले जातात की नाही याची खात्री नसल्याने ते आधीच लिहून टाकले आहे.

२. सदर स्वयंपाकघर अरुंद आहे. ओट्यापाशी एक बाई उभी राहिली की दुसरीने दारातूनच बोलावे लागते, आणि सासूबाई ओट्यापाशी असताना दुसरीने बोलायचे कारणही उरत नाही. अशा जागेत मासे तळले किंवा मिरच्या भाजल्या की धूर कुठे जाणार? तो पुढच्या खोलीत येतो, गिऱ्हाइकांच्या शिवायला आलेल्या कपड्यांत शिरतो, आणि त्याआधी ओट्यापाशी असलेल्या माणसाच्या छातीत शिरतो.

३. याबाबत अर्जदाराने पहिला अर्ज केला तेव्हा कार्यालयाने मंजूर यादीतील चिमणी बसवण्यास सांगितले. ती बसवली. तिला पाइपच नव्हता. ती खालून धूर ओढी, जाळीतून गाळी, आणि वरच्या फटीतून पुन्हा स्वयंपाकघरात सोडी. शिवाय ती एवढी आखूड होती की तिच्या सावलीत फक्त मागचे बर्नर येत. सासूबाईंचा खांदा धरलेला असल्याने त्यांचा हात मागच्या बर्नरपर्यंत जात नाही, त्या सगळे पुढच्याच बर्नरवर करतात. अर्जदाराने अस्तराच्या पांढऱ्या कापडाची पट्टी पुढच्या पातेल्यावर धरून पाहिली. पट्टी चिमणीकडे ढुंकूनही न बघता सरळ सासूबाईंच्या तोंडाकडे वळली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून ती पट्टी सोबत जोडली आहे.

यावर दुसरा अर्ज केला. आपले निरीक्षक पाहणीसाठी आले ते दुपारची जेवणे उरकून भांडी पालथी घातल्यावर. त्यांनी बंद शेगडीकडे पाहिले, छताकडे पाहिले, आणि अहवालात लिहिले : "धूर आढळला नाही." अर्जदाराने त्यांना पुन्हा, या वेळी स्वयंपाकाच्या वेळेला, बोलावले. ते आले. सासूबाईंनी मिरच्या भाजायला घेतल्या होत्या. निरीक्षकांनी उंबऱ्यावरच नाकाला रुमाल लावला, "डोळे चुरचुरतायत हो, नंतर येतो," असे म्हणून ते जिन्यापर्यंत खोकत गेले. त्यांचा दुसरा अहवालही सोबत जोडला आहे. त्यात लिहिले आहे : "धुरामुळे धुराची पाहणी होऊ शकली नाही." अर्जदाराने हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना उबळ आली आणि पाणी द्यावे लागले.

४. तेव्हा अर्जदाराने ठरवले की उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची वाट पाहण्यापेक्षा आपणच बाजारात जावे. दुकानदार काचेचा रंग दाखवत होता, आणि अर्जदार पाइप कुठून जाणार ते विचारत होती. त्याने हात हलवला की चालू होणारी चिमणी पुढे केली. सासूबाई बोलताना हात हलवतात आणि दिवसभर बोलतात, त्यामुळे ती चिमणी उघडझाप करूनच मेली असती. अर्जदाराने रुंद, पुढच्या बर्नरवरही छाया धरणाऱ्या चिमण्या पाहिल्या. मग एकेक चालू करायला लावून तिच्याखाली उभे राहून हळू आवाजात दुकानदाराला घरचे क्षेमकुशल विचारले. जिच्याखाली त्याला "काय म्हणालात?" असे विचारावे लागले नाही, ती घेतली. कारण सासूबाई कानाने स्वयंपाक करतात. आधीच्या चिमणीतल्या पंख्याच्या घरघरीत भांड्याला आधण आल्याचे ऐकू येईना म्हणून त्या तो बंद करून ठेवत. बंद पंखा कितीही दणकट असला तरी तो भिंतीवरचा शोभेचा ताटलीवजा प्रकार होय.

५. पाइप बाहेर काढण्याची परवानगी मागितली असता कार्यालयाने तोंडी सांगितले, "इमारतीला सामाईक धुराडं आहे ना, त्यालाच जोडा." म्हणून धुराड्याला जोडला. पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावरील घड्याळजी डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा अशा अवस्थेत खाली आले. "वहिनी, तुमचा मासा माझ्या स्वयंपाकघरात तळला जातोय," एवढेच म्हणाले, आणि वर जाऊन त्यांनी आपल्याकडे लेखी तक्रार केली. तक्रार खरी होती. अर्जदाराने पाहिले तेव्हा त्यांच्या ओट्यावर धूर उभा होता आणि अर्जदाराच्या ओट्यावर स्वच्छ ऊन. दुसऱ्याच्या छातीवर आपला धूर सोडून सुखाने जेवावे असे अर्जदारास वळण नाही. तिने पाइप त्याच दिवशी धुराड्यातून काढला.

नंतर घड्याळजी व अर्जदार असे दोघे धुराडे वर कुठे उघडते ते पाहायला गच्चीवर गेले. ते कुठेच उघडत नाही. कबुतरे पडतात या कारणास्तव कार्यालयाने त्याच्या तोंडावर फरशी टाकली आहे, आणि फरशी वाया जाऊ नये म्हणून तिच्यावर गुळगुळीत कट्टा बांधला आहे. महोदय, आपण रोज संध्याकाळी आपल्या मित्रांसह हवा खायला बसता, तो हाच कट्टा. खाली सगळ्या मजल्यांचा धूर वाट शोधत एकमेकांच्या घरी जातो, आणि त्याच्या तोंडावर आपण बसलेले असता. आपणास हे माहीत नसेल हे अर्जदार मान्य करते. आता माहीत झाले आहे.

त्यानंतरच मागील भिंतीला भोक पाडण्यात आले. पाइप आखूड, सरळ व एकाच वळणाचा आहे. बाहेर त्याला झाकण आहे, आणि आजूबाजूला कुणाचीही खिडकी नाही. आत यायलाही वारा हवा म्हणून समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवली जाते. दुसरी पट्टी धरून पाहिली, ती सरळ वर गेली. राहिला प्रश्न एकसारखेपणाचा. मागची भिंत कचऱ्याच्या डब्यांच्या बोळाकडे आहे. तिचे सौंदर्य आजवर फक्त मांजरांनी पाहिले असून त्यांची तक्रार नाही.

६. (हा परिच्छेद आपल्यापुरताच आहे.) आपणास प्रश्न पडेल की एका पाइपसाठी एवढा अट्टहास कशाला. सासूबाईंना असे सांगितले आहे की चिमणी कपड्यांसाठी आहे, गिऱ्हाइके वासाची तक्रार करतात. ते खोटे आहे. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना औषध लिहून दिले आणि अर्जदारास एकटीला बाहेर बोलावून सांगितले, "धूर बंद करा, नाहीतर त्यांचा स्वयंपाक बंद करा. दोन्ही एकत्र चालणार नाही."

अर्जदाराने आधी स्वयंपाक बंद करून पाहिला. खांद्याचे निमित्त काढून आठ दिवस सासूबाईंना ओट्यापाशी येऊ दिले नाही. हे सांगणे सोपे नाही, कारण अर्जदाराचे लग्न झाल्यापासून त्या दोघींचे एकमेकींशी फारसे पटलेले नाही. अर्जदाराच्या हातच्या प्रत्येक पदार्थाला सासूबाईंनी नावे ठेवली आहेत. कधी मीठ जास्त, कधी कमी, आणि बेताचे असले तर "आज चुकून जमलं." त्या आठ दिवसांत त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. ताट पुढे ठेवले की जेवत. किती वाजले ते विचारत, आणि पुन्हा भिंतीकडे वळत. आणि त्या आठ दिवसांत त्यांनी मिठाला एकदाही नाव ठेवले नाही. तेव्हा अर्जदार घाबरली. नवव्या दिवशी तिने स्वतःहून म्हटले, "मला नाही जमत, तुम्हीच या," आणि दुपारी दुकान गाठले.

खरे कारण कळले तर सासूबाई चिमणी चालू करणार नाहीत. "माझ्या खोकल्यापायी भिंत फोडलीस?" असे म्हणून त्या आपण होऊन पलंगावर जाऊन बसतील, आणि मग त्यांना उठवणे अर्जदारास जमणार नाही. महोदय, आपण कापणार आहात तो पत्र्याचा पाइप आहे. अर्जदाराच्या घरात तो एका बाईला तिच्या जागी उभे ठेवतो आहे. तिला त्या जागेवरून उठवू देणार नाही, मग भले आपण पाइपसोबत अर्जदारालाही वसाहतीबाहेर काढा.

७. अशा अर्जावर सदनिकाधारकाचा अभिप्राय स्वहस्ते लागतो असा आपला नियम आहे. सासूबाईंच्या चष्म्याची दांडी निखळल्याने त्यांना सध्या वाचता येत नाही. अर्जदार त्यांना अर्ज वाचून दाखवील, सहावा व हा परिच्छेद वगळून. "मान्य" एवढा शब्द व सही त्या चष्म्याशिवायही करू शकतात. तरी आपण वा आपल्या कर्मचाऱ्यांनी त्यांच्यासमोर सहाव्या परिच्छेदाची वाच्यता करू नये. या संपूर्ण अर्जात विनंती म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट आहे.

८. बाकी मागण्या. नोटीस मागे घ्यावी. गच्चीवरील कट्टा फोडून धुराड्याचे तोंड उघडावे व त्यावर कबुतरांसाठी जाळी बसवावी, म्हणजे इतरांनाही भिंती फोडाव्या लागणार नाहीत. धुराड्यातून धूर खरोखर वर जातो असे पट्टी धरून दिसले, तर अर्जदार आपला पाइप स्वतःच्या हाताने काढील आणि भोक बुजवील. तोपर्यंत तो जिथे आहे तिथेच राहील. सोमवारी कापायला माणसे पाठवायचीच असतील तर जरूर पाठवावीत. फक्त त्यांनी दुपारी, भांडी पालथी घातल्यावर येऊ नये. शेगडी पेटलेली असताना यावे, ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला आपण कशासाठी आलो ते तोंडाने सांगावे, आणि मग हात लावावा.

कळावे.

आपली, अर्जापुरती नम्र,
(सही)
तिसऱ्या मजल्यावरील शिवणकामवाली
दिनांक : नोटीस लागल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत :
१. अस्तराच्या पट्ट्या दोन. पिवळी पडलेली मंजूर यादीतील चिमणीखालची, पांढरी सध्याच्या.
२. निरीक्षकांचे दोन्ही अहवाल.
३. घड्याळजींचे तक्रार मागे घेतल्याचे पत्र.
४. मूळ नोटीस, दाराच्या रंगासह.

सदनिकाधारकाचा अभिप्राय (स्वहस्ते) :

साहेब,

चष्मा घड्याळजींनी काल रात्रीच नीट करून दिला. बारीक स्क्रू त्यांच्याकडे असतात. सुनेला ठाऊक नाही. ती वाचून दाखवत होती तेव्हा पाचावरून एकदम आठावर गेली. मला आकडे कळतात. म्हटलं, ठेव इथे, सावकाश सही करते. ती मशिनीवर बसली, मी वाचलं.

हा अर्ज मी स्वतः आणून देते आहे. तिच्या हातात परत दिला तर फाडून नवा लिहील.

तिला वाटतं मी पलंगावर जाऊन बसेन. नाही बसणार. वाचून झाल्यावर उठले, चिमणी लावली आणि कांदा चिरायला घेतला. डोळ्याला पाणी आलं ते कांद्याचं, असं तिला सांगितलं आहे. तिचं कपड्यांचं कारण मी इतके दिवस खरं मानलं, आता तिने माझं कांद्याचं मानावं. मला फार बरं वाटलं आहे. ते तिला सांगणं मला होणार नाही, म्हणून तुमच्या कागदावर लिहिते.

पाइप राहील. घर माझ्या नावावर आहे, भोकही माझ्याच नावावर धरा. सोमवारी मी सकाळपासून ओट्यापाशी आहे. माणसं पाठवाल तर उपाशी पाठवा, जेवायला वाढीन. पाइपला हात लावू देणार नाही.

आणि मीठ कमी होतं. आठही दिवस.

मान्य.

(सही)