दोघांपुरती मोटार

१२ जानेवारी १९३७, मंगळवार

लाल! लालच घ्यायची.

मूर्तिजापूर स्टेशनाबाहेर उभी होती आज, कुणा साहेबाची. दोनच माणसांची मोटार. टप मागे पाडलेला, समोरची काच आडवी केलेली. साहेब उतरला तो साठीच्या घरातला! टोपी वाऱ्याने वाकडी, आणि चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा.

मी आपला दमणीत बसून घरी आलो. बैल चांगले आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण सारा रस्ता मी मनात मोटारच हाकली. वळणावर तोंडाने भोंगाही वाजवला असावा, कारण गाडीवान सहदेव दचकून म्हणाला, "काय झालं मालक?"

सत्तावन्न उलटली. या वयात माणसं काशीला निघतात.

१३ जानेवारी

स्वप्नातही लाल.

१५ जानेवारी, शुक्रवार

घरी सांगितलं, शेतीच्या कामाला मोटार पाहिजे. सरकी आणता येईल, अकोल्याचा बाजार करून दुपारी परत येता येईल. देवीदास खूश झाला. पोरगा हिशेबी आहे, माझ्यावर गेला नाही.

इथे मात्र खरं लिहितो. कारण दुर्गा आहे. (तोंडाने हे नाव कधी घेतलं नाही. "अवं, ऐकलं का"मध्येच जन्म गेला. कागदावर घ्यायला काय हरकत आहे?) लग्नात होमापुढे शेजारी बसली, तेवढीच. त्यानंतर दमणीत ती पडद्याआड मागे, मी पुढे सहदेवजवळ. आगगाडीत ती बायकांच्या डब्यात. घरात मी जेवणार, ती वाढणार. आणि भोवती सून, नातवंडं, गडीमाणसं. संसार झाला, छान झाला. पण दोघांनी शेजारी बसून एक रस्ता पाहिला, असं काही झालं नाही.

दोन जागांच्या मोटारीला मागची बैठकच नसते! बसेल कुठे मग? शेजारीच!

डोळे मिटले की दिसतं. एलिचपूर मागे पडलं आहे, पुढे चिखलदऱ्याचा घाट. आंब्याच्या मोहराचा वास. तिचा पदर उडतो आहे, ती धरते, पुन्हा उडतो. काहीतरी बोलते आहे. काय ते अजून ऐकू येत नाही.

२५ जानेवारी, सोमवार

अकोल्याला जाऊन एक काळी पाहिली. देखणी! पण इतकी बुटकी की आमच्या गावच्या चाकोरीत पोट टेकेल. आत शिरलो तर गुडघे हनुवटीला. शिरलो ते शिरलो, निघता येईना! सहदेवने काखेत हात घालून ओढून काढलं. दुकानदार म्हणाला, "डांबरी सडकेची राणी हाय, रावसाहेब." असेल. आमच्याकडे राणीला काळ्या मातीत राहायचं आहे.

१ फेब्रुवारी, सोमवार

अमरावती. दुकानात दोन होत्या. एक लाल, तीच, तशीच! हात फिरवला तर अंगावर काटा आला. दुसरी हिरवी, तीही दोनच जागांची. चाकं उंच, कमानी भक्कम, पळायलाही कमी नाही. म्हटलं, हीच बरी. इतक्यात दुकानदाराने मागचं झाकण उचललं. आत गादीची बैठक, दोन माणसं मावतील अशी, उघड्यावर!

"याले डिकी म्हंतात. पोते टाका नाई तं मानसं बसवा."

झाली पंचाईत! म्हटलं, डिकी नको. तो बघतच राहिला. "लोकं डिकी मांगतात, आन् तुमी नाई म्हणून राहिले?"

आता याला काय सांगू!

३ फेब्रुवारी

देवीदास म्हणतो, "डिकी नाई तं सरकी काय डोक्यावर आनता, बाबा?"

माझ्याच थापेत मीच अडकलो. हिरवी ठरली.

२२ फेब्रुवारी, सोमवार

मोटार घरी आली. अमरावतीत मुक्काम करून मी चालवायला शिकलो. सहदेवलाही शिकवून घेतलं, एकाला दोन असावेत. आणि काय मजा आहे! पाय दाबला की जमीन मागे पळते.

दुर्गाने हळदकुंकू वाहिलं, लिंबू ठेवलं. सारं गाव जमलेलं. मी शेजारचं दार उघडून म्हटलं, "बसा."

तिने जागा पाहिली. गाव पाहिलं. मग मला पाहिलं.

"अगं माय! मांडीले मांडी लावून? लोकं काय म्हंतीन?"

आणि गेली मागे! पायरीवर पाय ठेवून चढली, डिकीत ऐसपैस बसली, वर छत्री उघडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. हसावं लागलं.

२३ फेब्रुवारी

शेजारच्या जागेवर सुनेने वांग्यांची टोपली ठेवून दिली.

७ मार्च, रविवार. एलिचपूर

वच्छलाकडे आलो, आमच्या लेकीकडे. दुर्गा डिकीत. माझ्या शेजारी कोण? सहदेव! मिशांना तेल लावून.

पण रस्ता! पूर्णेच्या पात्रातून हिरवी अशी निघाली की पाणी दोन्हीकडे उडालं. पुढे पळस फुललेले, वारा कोमट, मेळघाटचे डोंगर निळे. मी ओरडून विचारलं, "कसं वाटतं?" ती काही बोलली. वाऱ्याने नेलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नेलं. मान वळवून पाहायला गेलो आणि मोटार सरळ बाभळीच्या अंगावर! सहदेवने माझ्या हातातलं चाक ओढून फिरवलं म्हणून वाचलो.

सहदेव पाणी आणायला गेला. ती खाली उतरली, रागाने लाल.

"काहून सारखे मांगं मांगं पाहून राहिले? समोर पाहा ना!"

मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. सरकी वगैरे खोटं, तुम्ही शेजारी बसावं म्हणून घेतली. ती ऐकून घेऊन डिकीत जाऊन बसली. इथे आल्यापासून माझ्याशी बोललेली नाही.

बोललो ते चुकलंच. म्हाताऱ्याचे चाळे म्हणत असेल. गाडी विकून टाकावी.

८ मार्च

परतीला निघताना मी चालवायच्या जागेकडे गेलो, तर डिकीतून दुर्गा म्हणाली, "सहदेव, आज तूच चालव." मग माझ्याकडे पाहून जरा सरकून बसली.

"या मांगं. मी पुढे येत नोती, खरं हाय. पन तुमाले मांगं याले कोनं मना केलं होतं? दमणीत बी जागा होतीच ना?"