पोटात ठेवलेलं

ताई,

पानगळ पुन्हा सुरू झालीय आणि माझा हात अजूनही आपसूक बिस्किटांच्या डब्यात जातो. गेल्या वर्षी याच दिवसांत आई गेली. "तिने तिचा कोट मला दिलाय," असं मी म्हणाले आणि तू दार आपटून निघून गेलीस. तेव्हापासून शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मी पुडेच्या पुडे फस्त केले. लोकांचे कपडे मापात शिवणारी मी, स्वतःच्या शिवणी तीनदा उसवल्या. गिऱ्हाइकं म्हणतात, "सुख मानवलं हो तुम्हाला!"

आज सकाळी तो कोट चढवला, तर बटण लागेना. सैल करायला आतली शिवण पाहिली. तिथे तुझे शाळेतले वाकडेतिकडे टाके! आईने ते कधीच उसवले नव्हते. मलाही उसवेनात. सवयीने डबा उघडला आणि कळलं, मला भूक लागलेलीच नाही. झाकण लावलं.

आई म्हणाली होती, "कोट थोरलीला दे." ते मी पोटात ठेवलं आणि वर्षभर त्याच्यावर बिस्किटं रचत राहिले. आता माझी चूक तू पोटात घाल.

हे पत्र टाकत नाही. कोट घेऊन मीच येते.

तुझी,
आता नावापुरतीच
बारकी