पृथ्वीला मिठी मारणारा कोळी

३ ऑक्टोबर
उपग्रह वर गेला. त्याच्यासोबत माझा लोगोही. पृथ्वीला आठही पायांनी कवटाळलेला कोळी, कानाला हेडफोन, चेहऱ्यावर स्मित. स्मित ही माझी सूचना. नुसता कोळी लोकांना उगाच भीतिदायक वाटला असता. खाली घोषवाक्य: 'आम्ही सदैव तुमच्यासोबत'. आमच्या राष्ट्रीय संदेश केंद्राला कुत्रं विचारत नव्हतं. आता विचारेल. डिसेंबरात जनसंपर्क प्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. सहज आपलं लिहून ठेवलं.

४ ऑक्टोबर, सकाळी ७
एका दिवसात चाळीस हजार प्रतिक्रिया!

सकाळी ९
वाचल्या. 'हा माझ्या बाथरूममध्येपण आहे का?' असं अकरा हजार जणांनी विचारलंय. म्हणजे उत्सुकता आहे.

६ ऑक्टोबर
बायको मार्लीन मला म्हणते, अरे वेंडेल, चावतोय तो पृथ्वीला. म्हटलं, मिठी मारतोय. म्हणे, मला अशी मारलीस तर पोलिसांना बोलवीन. कलेतलं कळत नाही, काय बोलणार.
शेजारच्या डगने हॅलोविनच्या भुताखेतांसोबत अंगणात तोच कोळी उभारलाय, हेडफोनसकट. भरून आलं. पाटी लावलीय: 'फोनवर हळू बोला'. घोषवाक्य चुकलंय, सांगायला हवं.

११ ऑक्टोबर
ओहायोवाले चिडलेत. एक पाय नेमका ओहायोवर का, म्हणून. अरे, कुठेतरी टेकवायचाच होता! ओहायोवर आमचं विशेष लक्ष आहे, असं पत्रक काढलं. आता जास्तच चिडलेत. कौतुक सोसत नाही काही लोकांना.

१५ ऑक्टोबर
डायरेक्टर हचेन्सबाई म्हणाल्या, हे निस्तर, खुर्ची तुझी.
संकल्प: लायब्ररीत जाहीर सभा. कॉफी, डोनट. हसतमुख राहणे.

१८ ऑक्टोबर
सभा यशस्वी. डोनट संपले. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. एक गृहस्थ तीनही मिनिटं माझ्याकडे नुसते टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, कसं वाटतंय?
शेवटी आर्डिथ बॉग्ज नावाच्या आजी उठल्या. म्हणाल्या, माझा नवरा, व्हर्नन, मार्चमध्ये गेला. फोनवर त्याच्या आवाजातला एक निरोप होता, रोज ऐकायचे. फोन बदलला, निरोप गेला. तुमच्याकडे सगळ्यांचं सगळं असतं म्हणतात. तेवढा देतोस का रे बाबा? मी ठणकावून सांगितलं की नागरिकांचं एक अक्षरही आम्ही साठवत नाही. त्या म्हणाल्या, मग तो किडा पोसलाय कशाला?
टाळ्या. त्यांना.

२२ ऑक्टोबर
आजी डोक्यातून जाईनात. केंद्राच्या संगणकात तो निरोप सहज शोधून बघितला. आपण काही साठवत नाही, एवढं स्वतःशी सिद्ध करायला.
चार सेकंदांत सापडला. 'आर्डी, पीनट बटर कुठलं आणू, दाणेवालं की मऊ? उचल ना गं फोन.'
ऑफिसात रडलो. हेडफोन लावून.
कोळ्याचं मन किती मोठं आहे ते लोकांना कळायलाच हवं. निरोप पेनड्राइव्हवर घातला आणि केंद्राच्या लेटरहेडवर, लोगोसकट, माझ्या सहीने आजींना पाठवला. खुर्ची आता माझीच.

२९ ऑक्टोबर
आजींनी पत्र आख्ख्या चर्चला दाखवलं. कोणीतरी पेपरात दिलं. पहिलं पान! नावाचं स्पेलिंगही बरोबर.

दुपारी ३
हचेन्सबाई ओरडल्या नाहीत. अगदी हळू बोलल्या.

८ नोव्हेंबर
सिनेटपुढे चौकशी. असा निरोप आमच्याकडे कधी नव्हताच, असं केंद्राने शपथेवर सांगितलं. लोगो बदलला. आता नुसतं निळं वर्तुळ. एकही प्रतिक्रिया नाही. मी सक्तीच्या रजेवर. गैरसमज आहे, आठवड्यात बोलावतील.

१४ नोव्हेंबर
बोलावलं नाही. ऑफिसात शिरायचं कार्ड बंद झालंय.
आजींचा फोन. नसलेला निरोप घरात कसा, म्हणून काल दोन माणसं येऊन पेनड्राइव्ह घेऊन गेली. चांगली होती रे, दारात पाय पुसून आली, म्हणाल्या. तुझ्याकडे कॉपी आहे का, विचारलं त्यांनी. नाही म्हणालो. मग म्हणाल्या, मार्चमध्ये गेला तेव्हा सगळी गल्ली जेवण घेऊन आली होती. काल परत गेला, तर कोणीच आलं नाही.
मार्लीनला म्हटलं, आजींकडे न्यायला मॅकरोनी करून दे. म्हणाली, तूच कर.
केली. खालून करपली. वरची वरची काढून नेतोय.