मेलेल्या नायकाच्या अकरा पुरणपोळ्या

सोलापूर, ५ मे १९७४

तीर्थस्वरूप ईश्वरप्पामामांना चंद्रव्वाचे शरणु. अक्कलकोटात सगळे खुशाल असाल. तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या लेपाने फरक पडला नसेल, तर तसं त्यांना सांगू नका.

पत्राचं कारण एक कादंबरी. दुकानात पुड्या बांधायला रद्दी येते, तीत मला ती सापडली. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही (लाजून त्यानेच फाडलं असावं). ऐंशी वर्षांपूर्वीची तरी असेल, आणि ती विनोदी आहे हे दर दोन पानांनी तिच्यातच सांगितलेलं आहे. नायक चौथ्या प्रकरणात साप चावून मरतो, त्याला रीतसर जाळतातही. सहाव्यात तो भावाच्या लग्नात अकरा पुरणपोळ्या खातो. पंगतीत कुणी विचारत नाही. खलनायक तीन प्रकरणं तोतरा बोलतो, मग बहुधा छापणाऱ्याने कंटाळून त्याला बरा केला. चोरामागे घोडागाडी उधळलेली असताना लेखक मध्येच थांबून सर्दीवरचा काढा सांगतो, दीड पान. (आईने करून पाहिला. सर्दी आहे तशीच.) सगळ्यात हीन म्हणजे त्यातली शिकलेली बाई. दोन पुस्तकं वाचताच तिला चूल पेटवता येईना, आणि शेजारच्या खोलीतल्या नवऱ्याला ती तिकीट लावून पत्रं धाडते. मी घरातली पहिली बी.ए., आणि रोज ओल्या सरपणावर चूल पेटवते. असल्या लिखाणाने समाज पन्नास वर्षं मागे गेला, असं माझं ठाम मत आहे.

ते अप्पांना पटावं म्हणून मी दुपारी दुकानात वाचून दाखवलं. (तुम्ही मराठी शिकलात, त्यांची शाळा कानडी, मराठी नुसतं बोलतात.) पूर्वी स्त्रीशिक्षणावरचा निबंध वाचला, तेव्हा ते पोत्यावर बसल्याबसल्या घोरले होते. आता म्हणाले, "मेलेला जेवतोय व्हय? लई झ्याक. म्होरं वाच की." गूळ न्यायला आलेल्या सोजरबाई तिथेच बसल्या. "चूल येत न्हाय, मग ही बया खाती काय?" "तिकिटं चाटत असंल," अप्पा म्हणाले. दोघंही डोळे पुसेपर्यंत हसले. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी तर हिंगाच्या पुडीतून गेलेलं पान परत आणायला अप्पा स्वतः सोजरबाईंच्या घरी गेले.

मोहोळच्या स्थळाचं तुमच्या कानावर आलंच असेल. मुलाकडे ट्रॅक्टर आहे, आणि मुलीने पुढे शिकू नये ही अट आहे. ते दोनदा तारीख विचारून गेले. अप्पांनी सांगितलं, पुस्तक संपल्यावर बोलू. पाहुणे वैशाखअखेरपर्यंत थांबणार, मग दुसरीकडे बघणार. ते फिसकटलं तर एम.ए. कर, असं अप्पा म्हणाले आहेत.

मामींना शरणु.

आपली भाची,
चंद्रव्वा

ता. क. शेवटचं प्रकरण सापडत नाही. आई म्हणते, गेल्या महिन्यात तुम्हाला धाडलेली शेंगाचटणी त्यातच बांधली होती. पानं ताबडतोब धाडा, असं अप्पांचं पत्र येईल (ते मीच लिहिणार आहे). कृपा करून वैशाख संपेपर्यंत धाडू नका.

पुन्हा ता. क. त्या बाईचं शेवटी काय होतं, तेवढं मात्र उलट टपाली कळवा. पाकीट वाचनालयाच्या पत्त्यावर टाका. दुकानात आलेलं पत्र अप्पा मोठ्याने वाचायला लावतात.