सोमवारचा दमा

शनिवार, ता. २ नोव्हेंबर १९३५

आलो बुवा एकदाचे सोलापुरात! वेळापुराहून पहाटे मोटार धरली ती पंढरपूर, मोहोळ करत दुपारी इथे टेकली. हाडं खिळखिळी झाली, पण जीव कसा हरखलाय! ही वाटभर ट्रंकेवर हात ठेवून बसली होती, मोटारीतली सगळी माणसं जणू आमच्या दोन लुगड्यांवरच टपलेली. वैरागच्या बाजारपेठेत वाढलेली बाई, कुणावर विश्वास ठेवील तर शपथ.

चाळीतली खोली गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, सिद्धप्पा याने मिळवून दिली. माणूस अक्कलकोटाकडचा, कपाळाला भस्म, बोलणं साखरेसारखं. खोलीला खिडकी नाही, चुलीच्या वर एक वीतभर झरोका आहे. पण दारासमोर नळ! हिने तीनदा उघडला, तीनदा बंद केला आणि माझ्याकडे बघून अशी हसली की मोटारीचा सगळा शीण उतरला.

परवापासून गिरणीत, कार्डिंग खात्याचा हजेरी कारकून. व्हर्नाक्युलर फायनल उगाच नाही झालो! छाती तालमीतली, आवाज खणखणीत आणि बिडी-तंबाखूला जन्मात शिवलेलो नाही. अर्जातही तसं ठळक अक्षरात लिहिलं होतं. आता उद्याचा रविवार हिला बाजार दाखवायचा.

सोमवार, ता. ४ नोव्हेंबर

कार्डिंग खातं म्हणजे कापूस झोडपून, विंचरून त्याचे पेळू करायची जागा. वाऱ्याने रुई उडू नये म्हणून खिडक्या खिळे मारून बंद. मग उडते ती सगळी माणसांच्या नाकात जाते! दुपारपर्यंत माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या. घरी आलो तर ही दारात म्हणते, अगं बाई, मला वाटलं मामंजीच आले की! हसून हसून मेलो.

इथे एक रीत आहे. सुटताना सिद्धप्पा दाराशी उभा राहून प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो. गुळाबरोबर घशातली रुई खाली जाते म्हणे. मी म्हटलं, मला नको, माझा घसा साफ आहे. गुंडा नावाचा एक धनगर आहे, सांगोल्याकडचा, मेंढरं मेली म्हणून गिरणीत आलेला. तो सगळ्यांदेखत म्हणाला, ‘गाढवाला गुळाची चव काय!’ सगळे हसले. मीही हसलो, करता काय.

पण एक गंमत पाहिली. रविवारची सुट्टी खाऊन आलेली माणसं ताजीतवानी असावीत की नाही? छे! निम्मी छाती धरून बसलेली. सोमवारचा दमा, म्हणतात. आणि दम लागलेला असताना बिड्या ओढतात! गुंडाने मलाही एक पुढे केली, तेव्हा मी निर्व्यसनीपणावर व्याख्यानच झोडलं. सिद्धप्पाने जवळ येऊन दोनदा विचारलं, बिडी न्हाय? तपकीरबी न्हाय? मी छाती ठोकून सांगितलं, नाही म्हणजे नाही. गुंडा माझ्या छातीकडे बघत राहिला, बाजारात बकरं पारखावं तसा.

गुरुवार, ता. २१ नोव्हेंबर

हजेरीपुस्तक मोठं मजेचं आहे. सोमवारी खाडे आणि धापा. मंगळवारी निम्मं. गुरुवारी तीच माणसं कामावर गाणी म्हणतात. दर आठवड्याला हेच. रुईपासून एक दिवस लांब राहून परत आलं की छाती आवळते आणि मग सरावते, असा माझा तर्क. सिद्धप्पाला सांगितला. तो गोड हसून म्हणाला, मास्तर, पुस्तक लिवा, वाचू नका.

आज गिरणीचे डॉक्टर तपासायला आले होते. नळी लावायच्या आधी प्रश्न एकच, बिडी ओढतोस? हो म्हणालं की, सोड. पुढचा! धोंडीराम म्हणून एक माळकरी आहे, चाळिशीतला, कांदासुद्धा न खाणारा. तो नाही म्हणाला तर डॉक्टर खवळले. खोटं बोलतोस, बिडीवाचून छाती अशी वाजत नाही! बिचारा गळ्यातली माळ धरून शपथ घेत होता. मला राग आला. उद्या मला काही झालं तर मलाही खोटाच म्हणणार का?

सोमवार, ता. १६ डिसेंबर

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

सकाळी भोंग्याआधी सिद्धप्पाने बॉयलरमागे बोलावलं. धोंडीरामला उताणा पाडला होता, दोन्ही हातांवर एकेक गडी बसलेला. गुंडाने मेंढरं डागायची सळई निखाऱ्यातून काढली. टोक लाल. सिद्धप्पा मला म्हणाला, पाय धरा. मी विचारलं, कशापायी? त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. बिडी ओढणाऱ्याचा दमा बिडीचा, त्याला कारण दिसतं. पण ज्याने धूर कधी घेतलाच नाही, त्याची छाती का वाजावी? म्हणजे आत कुणी बसलंय. रविवारी त्याला रुई मिळत नाही, उपाशी राहतं, सोमवारी खवळून उठतं. चटका देऊन हुसकलं नाही तर शेजारच्या छातीत शिरतं.

मी पाय धरले. खोली सिद्धप्पाची, नोकरी सिद्धप्पाच्या शब्दावर. धरले.

चर्र आवाज झाला. एकदा, दोनदा, तीनदा. भाजल्या मांसाचा वास आला. त्याने पाय असे झाडले की टाच लागून माझा ओठ फुटला. ओरडायला त्याच्याजवळ श्वासच नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं, मिटत होतं. गुंडाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणत होता, झालं बाबा, झालं, गेलं बघ.

घरी हिला सांगितलं, ओठ दाराला लागला.

बुधवार, ता. १८ डिसेंबर

धोंडीराम कामावर आला. छातीला फडकं बांधलेलं. म्हणतो, लई हलकं वाटतंय. सगळे माझ्याकडे बघतात, बघा मास्तर, गुण आला का न्हाय?

अरे मूर्खांनो, बुधवारी सगळ्यांनाच हलकं वाटतं! माझ्या पुस्तकात लिहिलंय! बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात सिद्धप्पाने हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो खाल्ला आणि घरी आलो.

सोमवार, ता. १० फेब्रुवारी १९३६

धोंडीरामला तिसऱ्यांदा डागलं. छातीवर जागा उरली नव्हती म्हणून पाठीवर, मग गळ्याखाली. माळ जळाली. मधेच मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाला, मास्तर, तुमी तरी सांगा की.

मी पाय धरलेले होते.

संध्याकाळी मेला. डॉक्टरांनी कागदावर कारण लिहिलं, बिडी. चोर सोडून संन्याशाला फाशी. ही वही आता नको.

सोमवार, ता. ५ ऑक्टोबर

आठ महिन्यांनी वही काढली. कारण हे कुणाजवळ बोलता येत नाही.

आज खात्यात शिरलो आणि छातीभोवती कुणी दोर आवळल्यासारखं झालं. खोकला वर आला. गिळला. परत आला. पुस्तकात तोंड खुपसून गिळला. डोळ्यांतून पाणी. माझी छाती! तालमीतली! दोन जिने चढताना आता कठडा धरावा लागतो.

खोकला हिलाही आहे. खोली बंद, पऱ्हाट्यांचा आणि शेण्यांचा धूर, दोन वेळ फुंकणी. सकाळी उठली की कोपऱ्यात तोंडाला पदर लावून खोकत बसते. पण बाईच्या खोकल्याकडे कोण बघतं? बघतील ते माझ्याकडेच. हजारदा सांगून ठेवलंय मी त्यांना, बिडीला शिवलेलो नाही. हात दाखवून अवलक्षण!

गुरुवार, ता. २२ ऑक्टोबर

बिडी ओढली.

दुसरा मार्ग नाही. कारण दिसायला हवं. खात्याच्या दारात, सगळ्यांसमोर, एकामागून एक चार. तिसरीला ओकलो. घरी हिने वास घेतला आणि जेवलीच नाही. म्हणाली, तुमीसुदिक? तिला काय सांगू? जीव वाचवायला धूर घेतोय, सांगू?

छाती आणखी बिघडली. आगीतून फुफाट्यात.

सोमवार, ता. २६ ऑक्टोबर

गुंडा शेजारी येऊन बसला. माझी बिडी बघत होता. हळूच म्हणाला, मास्तर, जुन्या बिडीवाल्याची बोटं पिवळी असत्यात.

मी बोटं मुठीत लपवली. त्याने ते पाहिलं.

मंगळवार, ता. १७ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. चार दिवस रुई नाही. आमच्या लेखी आजच सोमवार.

भोंगा होऊन घटकाही झाली नसेल. हजेरी पुकारत होतो. तिसऱ्या नावाला श्वास संपला. खोकला सुटला तो थांबेना, पुस्तक हातातून पडलं, मी गुडघ्यावर आलो. मान वर केली तर यंत्रांशी कुणी नव्हतं. सगळे माझ्याभोवती. सिद्धप्पाने नुसतं गुंडाकडे बघितलं.

पळालो. खात्यातून, फाटकातून, चाळीपर्यंत. दर दहा पावलांना भिंत धरत. ते पळत नव्हते. ते माझ्यामागे चालत येत होते. मला पळवत कशाला दमवायचं, म्हणून असेल.

ही चुलीपुढे होती. भाकरी टाकलेली, खोली धुराने भरलेली, आणि ती खोकत होती. ते दारात आले. पाच जण. सळई गुंडाच्या हातात.

आणि मी म्हटलं – मीच म्हटलं – हिच्यात आहे ते. हिच्यातनं माझ्यात आलंय. ऐका तिचा खोकला.

सिद्धप्पाने तिला अगदी आदराने विचारलं, बाई, तुमी कधी बिडी ओढली का? ती लाजून हसली. पदर पुढे ओढून म्हणाली, अगं बाई, हे काय इचारनं झालं!

तिच्याच चुलीत सळई तापवली. सिद्धप्पा म्हणाला, परक्यानं बाईच्या तोंडाला हात लावू नये. तुमचं मानूस, तुमीच तोंड धरा.

मी तोंड धरलं. तिने माझा तळवा चावला, रक्त निघालं, तरी सोडलं नाही. डोळे माझ्यावरच होते. तीन डाग. तिसऱ्याला ती ढिली पडली. भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली.

दगडाबाई. बायकोचं नाव घेऊ नये म्हणतात. आधीची दोन मुलं गेली म्हणून तिच्या आईने हे ठेवलं, ही तरी टिकावी म्हणून. आज लिहितो.

बुधवार, ता. १८ नोव्हेंबर

छाती हलकी आहे.

खरंच हलकी. श्वास पार खालपर्यंत जातो. मला ठाऊक आहे, का ते. मीच लिहिलंय. पण – खरंच तिच्यात असलं तर? असू दे. तिच्यातच असू दे, देवा.

तिला ताप.

रविवार, ता. २२ नोव्हेंबर

उठून बसली. जखमेतून पाणी येतं, वास येतो. खोबरेल लावायला गेलो तर माझा हात बाजूला केला. रागाने नाही. एवढंच विचारलं, तुमाला बरं वाटलं का?

व्हय, म्हणालो.

मग झालं, म्हणाली. तुमच्यासाठी सोसलं की मी.

चार दिवस खोकली नाही. दाबून धरते. मी विचारलं नाही. उद्या सोमवार.

सोमवार, ता. २३ नोव्हेंबर

फाटकापर्यंत गेलो. आत शिरलो. दोर आवळला. परत फिरलो – उंबऱ्यात पडलो – खोकला – थांबेना –

ती उभी राहून ऐकत होती. मग खाली बसली, कान माझ्या छातीला लावला. बराच वेळ. म्हणाली, अगं बाई. परत तुमच्यातच आलंय की.

पदर घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, नळावर.

ते आलेत. ओट्यावर बसलेत. चौघे. तिने त्यांना चहा दिला. गुंडा कपात फुंकतोय, ऐकू येतंय.

ट्रंकेवर वही ठेवून लिहितोय. उठवत नाही. पाय – श्वास पुरत नाही –

ती चूल फुंकतेय. खोकतेय, मोकळी, भरपूर. कुणी तिच्याकडे बघत नाही. सळई आत आहे. मला म्हणाली, अवं, भिऊ नका. मी सोसलं, तुमीबी सोसाल. तोंड मी धरते.

तिच्या डोळ्यांत पाणी आहे. खरं पाणी. तिला खरंच वाटतंय – मी सांगितलं म्हणून – माझ्याच शब्दावर –

ओरडू कसा. श्वास नाही. लिहून दाखवू? तिला वाचता येत नाही. त्यांना कुणालाच –

दार पुढे केलं. सिद्धप्पा पायांशी बसला. किती गोड बोलतोय –

दगडा, थांब. एकच दिवस. आपोआप बरं होतं, दर आठवड्याला होतं, पुस्तकात आहे – नको डागू – उद्या मंगळ–